फोरमन अंकलचं गिरमिट

फोरमन अंकल दुकानात वस्तू विकत घ्यायला जात नसत, तिची मुलाखत घ्यायला जात. मिक्सर घ्यायचा असला की घरून ओल्या खोबऱ्याचे तुकडे आणि भिजवलेल्या मिरच्या डब्यात भरून न्यायचे आणि काउंटरवरच वाटण करून बघायचे. इस्त्री घ्यायची म्हणून चुरगळलेला शर्ट घेऊन गेलेले मी स्वतः पाहिलेत. गादी घेताना तर बूट काढून, पाय लांब करून, दुकानात चक्क आडवे झाले. बाजूला उभा असलेला सेल्समन घाबरून म्हणाला, "सर, दुसरे कस्टमर खडे हैं." अंकल डोळे न उघडता म्हणाले, "सबर, हबीबी. पीठ ने अभी बताया नहीं."

दुबईच्या अल कुसैसमधल्या आमच्या बिल्डिंगमध्ये ते समोरच्या दारात राहायचे. वसईकडचे. एका कंपनीत मेंटेनन्सचे फोरमन होते, म्हणून कंपनीत फोरमन, बिल्डिंगमध्ये फोरमन, आणि रविवारी ऊद मेथाच्या चर्चमध्ये भेटणारी माणसंही त्यांना फोरमनच म्हणायची. त्यांना नावाने हाक मारणाऱ्या फक्त त्यांच्या बायको, आमच्या आन्टी. त्या वारल्यावर ते नाव माझ्या कानावर परत आलं नाही.

मुलाखतीखालोखाल त्यांना नाद होता गरवण्याचा. सुट्टीच्या दिवशी पहाटेच गरी, दोरी आणि घडीची खुर्ची घेऊन ते समुद्रावर जायचे आणि उन्हं तापायच्या आत परत येऊन आमची बेल वाजवायचे. दारात पिशवी, पिशवीत मासे. मी सांगलीची, आमच्या घरात अंडं फोडलेलं माझ्या आईने पाहिलं असतं तर तिने फरशी पुन्हा धुतली असती. पहिल्यांदा त्यांनी शेरी मासा माझ्यापुढे धरला तेव्हा मी दोन पावलं मागे सरले. "खाऊ नको," ते म्हणाले, "नुसता हातात धर, बाय. धरल्याशिवाय काहीच कळत नाही." मी धरला. थंडगार, गुळगुळीत आणि बऱ्यापैकी जड होता. वर्षभरात मी मासे साफ करायला शिकले, आणि माझा नवरा संदीप आजही त्याचं श्रेय स्वतःकडे घेतो.

मग त्यांच्या रिटायरमेंटचं ठरलं. इथे नोकरी संपली की व्हिसा संपतो, आणि व्हिसा संपला की माणसाने निघायचं. हे सगळ्यांना पहिल्या दिवसापासून माहीत असतं आणि कुणीच त्याचा विचार करत नाही. वसईचं घर भावाकडे होतं. मुलगी सँड्रा कॅनडात, तिने एका तिथल्याच मुलाशी, ग्रेगशी, लग्न केलेलं. तिने वडिलांचे सगळे कागद करून ठेवले आणि सांगितलं, पप्पा, आता इकडे यायचं. आम्ही अभिनंदन केलं, पेढे खाल्ले. अंकल मात्र दिवसेंदिवस गप्प होत चालले.

एका संध्याकाळी चहा पिताना त्यांनी ते बोलून टाकलं. "बाय, इथे मी नसलो तर बिल्डिंगचा पंप चालत नाही. तिथे मी नसलो तरी सगळंच चालतं. मग मी तिथे करणार काय? सोफ्यावर बसून बर्फ बघणार?" सँड्राच्या लग्नानंतर ते एकदा तिकडे राहून आले होते. जावई सकाळी "हाऊ आर यू" म्हणायचा आणि रात्री "गुड नाइट". मधल्या वेळात दोघं एकाच सोफ्याच्या दोन टोकांना बसायचे. "वाईट नाही गं तो. पण मी त्याला कळत नाही आणि तो मला. पोरगी मध्ये बसून दोघांचं भाषांतर करून दमते. पाहुणा म्हणून महिना काढला. आता कायमचा पाहुणा व्हायचं." मी त्यांच्या कपात अजून चहा ओतला.

त्या सोफ्यावर एकच गोष्ट बरी घडली होती. एकदा ग्रेगने त्यांना आपल्या मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. गोठलेलं तळं, त्याला पाडलेलं गोल भोक आणि त्या भोकातून वर आलेला मासा. अंकलनी तो तीन वेळा बघितला. विचारायचं खूप होतं, पण इंग्रजी पुरेना. सँड्राकडून पुढे कळलं की भोक पाडायचं ग्रेगचं पेट्रोलवरचं मशीन जुनं झालंय, जड आहे आणि त्याची कंबर धरते. आता ड्रिलला लावायचं मशीन निघालंय, ऑगर म्हणतात त्याला. म्हणजे सुताराच्या गिरमिटाचा थोरला भाऊ, कमरेएवढ्या उंचीचा. अंकलच्या डोक्यात ते गिरमिट जे फिरायला लागलं ते थांबेना. ड्रिल त्यांच्याकडे होतं, स्वतःचं, चांगलं दणकट. जावयासाठी इथून ऑगर न्यायचा, आपलं ड्रिल त्याला लावायचं, आणि तळ्यावर त्याच्या शेजारी उभं राहायचं. "सोफ्यावर नाही, शेजारी," असं ते म्हणाले, आणि मला कळलं की हे गिरमिट नुसतं गिरमिट नाही.

आता दुबईत बर्फ फोडायचं गिरमिट शोधणं म्हणजे काय ते तुम्हीच समजा. अंकलनी अल कुसैसच्या हार्डवेअरवाल्यांचा पिच्छा पुरवला. शेवटी त्यांचे जुने दोस्त हम्झाभाई, केरळचे, त्यांनी माळ्यावरून एक लांबलचक पिळाचा दांडा काढून दिला. फोरमनसाहेब खूश. हम्झाभाई प्रामाणिकपणे म्हणाले, "साब, ये तो पेड लगाने का है. मिट्टी में गड्ढा करता है. बरफ का मालूम नहीं."

"तो मालूम करेंगे," अंकल म्हणाले.

आणि त्यांनी खरंच बर्फ आणला. शारजाच्या एका बर्फ कारखान्यातून एक अख्खी लादी, बारदानात गुंडाळून, पिकअपमध्ये टाकून. सप्टेंबर महिना, सकाळीच ऊन असं की चप्पल डांबराला चिकटत होती. हम्झाभाईच्या दुकानामागच्या मोकळ्या जागेत लादी ठेवली. आजूबाजूच्या गॅरेजमधले पठाण, बंगाली, आपल्या साताऱ्याकडचे दोघं, सगळे कामं टाकून गोल करून उभे राहिले. लादी मिनिटामिनिटाला बारीक होत होती. "यल्ला फोरमन, जल्दी करो, पानी हो जाएगा!" कुणीतरी ओरडलं. अंकलनी ड्रिल लावलं, पाय फाकवून उभे राहिले आणि बटण दाबलं. दांड्याचं टोक नुसतं खरवडत राहिलं. मग एकदम आत घुसलं, अडकलं, अख्खी लादी गर्रकन फिरली आणि दोन तुकडे होऊन एक माझ्या पायाशी आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. "खलास," हम्झाभाई म्हणाले.

अंकल उकिडवे बसले आणि त्यांनी दांड्याच्या टोकाकडे नीट बघितलं. मातीत घुसायला पुढे अणकुचीदार टोक, आणि दाते बोथट. "ह्याला उकरता येतं," ते म्हणाले, "बर्फ तासायला पाहिजे. रंध्यासारखं पातं पाहिजे." त्यांना लादी फुटल्याचं काही वाटलं नव्हतं, हे नेऊन जावयासमोर फजिती झाली असती या विचाराने मात्र घाम फुटला होता. उरलेल्या बर्फाचं गॅरेजवाल्यांनी सरबत केलं.

खरा ऑगर ऑनलाइन मिळत होता. पण ऑनलाइन म्हणजे हातात न धरता घ्यायचा, आणि ते अंकलच्या रक्तात नव्हतं. सहा इंची की आठ इंची? वजन किती भरेल? आमची लेक मीरा कंटाळून म्हणाली, "अंकल, जस्ट रीड द रिव्ह्यूज!" अंकलनी रिव्ह्यू वाचले. एकाने लिहिलं होतं उत्तम, दुसऱ्याने लिहिलं होतं भंगार. जायची तारीख जवळ येत चालली आणि त्यांचं काही ठरेना. शेवटी माझं डोकं फिरलं. "अंकल, ज्याला वापरायचंय त्यालाच विचारा की! ग्रेगला फोन करा."

"त्याला कसा करू? माझं इंग्लिश साइटवरचं. हे यू, ब्रिंग लॅडर. जावयाशी असं बोलतात?"

"तो तुमच्या वाक्याचे मार्क देणार आहे का?" असं म्हणून मी सरळ सँड्राला व्हिडिओ कॉल लावला आणि ग्रेगला बोलवायला सांगितलं. सँड्रा घाबरली, पप्पांना काही झालं की काय. ग्रेग आला, केस विस्कटलेले, तिकडे सकाळ होती. अंकलनी खुर्चीत ताठ बसून एका दमात सांगितलं, "ग्रेग. आइस फिशिंग. ऑगर. विच वन?"

त्याने डोळे चोळले. मी मनात म्हटलं, झालं. मग तो पुढे वाकला आणि म्हणाला, "विच ड्रिल हॅव यू गॉट?"

अंकल उठून धावलेच. घरातून ड्रिल आणलं आणि कॅमेऱ्यासमोर असं धरलं की त्यांचा चेहरा दिसेना. ग्रेगने साइड हँडल आहे का विचारलं, अंकलनी ते लावून दाखवलं. पातं बर्फात अडकलं तर ड्रिल मनगट पिरगाळतं, हे त्या सकाळपासून त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. त्यांनी लादीची सगळी गोष्ट हातवारे करून सांगितली. ग्रेग इतका हसला की सँड्रा मागून बघायला आली. मग अंकलनी आपली खरी शंका विचारली, ऑगरला धरून ठेवणारी ड्रिलची पकड, चक, सैल झाली तर? "चक ओपन, देन? ऑगर गो डाउन?" ग्रेगने कपाळाला हात लावला. त्याच्या मित्राचा एक असाच सुटून तळ्याच्या तळाशी गेला होता. म्हणून वर तबकडी असलेलाच घ्यायचा, भोकाच्या काठावर अडकून राहतो. दोघंही एका सुरात "यस, यस" करत होते. भाषांतर करायला मध्ये कुणी नव्हतं. मी स्वयंपाकघरात गेले आणि उगीचच भांडी घासली, कारण डोळे भरून आले होते.

खरी मजा पुढच्या आठवड्यात झाली. ग्रेगने तिथल्या दुकानातूनच फोन केला, मोबाईल शेल्फवर टेकवून ठेवला आणि एकेक ऑगर उचलून दाखवायला लागला. "वन हँड," इकडून अंकल हुकूम सोडत होते. "नो, नो. स्ट्रेट आर्म. हेवी?" "अ बिट." "देन नो!" आठ इंचीने भोक मोठं पडतं पण बॅटरी लवकर उतरते. त्यांच्या तळ्यातले मासे सहा इंची भोकातून सहज निघतात. मग सहा इंचीचीच मुलाखत लांबली. तो गोरा सहा फुटी माणूस भर दुकानात हात ताठ करून ऑगर धरून उभा होता आणि दुबईतून सुटका होईपर्यंत हलत नव्हता. शेवटी ग्रेग म्हणाला, हा मी घेतो, ड्रिल तुम्ही आणा, चार्जर आणू नका, आमच्याकडची वीज वेगळी आहे, तो मी इथे घेऊन ठेवतो. फोन ठेवल्यावर अंकल बराच वेळ हसत बसले होते. "धरायला येतं त्याला," ते म्हणाले. जावयाचं याहून मोठं कौतुक त्यांच्याकडे नव्हतं.

निघताना ड्रिल आन्टींच्या जुन्या चादरीत गुंडाळून बॉक्समध्ये गेलं, बॉक्सला दोरी बांधली, चारी बाजूंनी मार्करने नाव लिहिलं. बॅटऱ्या हँडबॅगेत, कारण त्या सामानात टाकू देत नाहीत. एअरपोर्टवर संदीपला मिठी मारली, मीराच्या डोक्यावर हात ठेवला आणि मला म्हणाले, "बाय, मासे घेताना कल्ले उघडून बघ. कुणाच्या सांगण्यावर जाऊ नको." मी रडले. इतक्या वर्षांनी दार उघडल्यावर समोरचं दार बंद दिसणार होतं, रडायचं नाही तर काय करायचं?

गेल्यावर ते रोज फोन करायला लागले. मला आनंद व्हायला हवा होता, पण माझा जीव टांगणीला लागला. मी ऑफिसात असताना फोन यायचा आणि तासभर चालायचा. पंप ठीक आहे का, लिफ्टचा आवाज गेला का, माझ्या जुन्या फ्लॅटमध्ये कोण आलंय, पडदे कोणते लावलेत. ग्रेग कामावर, सँड्रा कामावर, तळं अजून गोठलेलं नाही. "कसे आहात?" म्हटलं की "मजेत" म्हणायचे आणि पुन्हा लिफ्टवर यायचे. संदीपला मी म्हणायचे, माणूस तिकडे गेलाय पण पोचलेला नाही.

डिसेंबर संपता संपता एक व्हिडिओ कॉल आला. सगळं पांढरं. मधोमध लोकरी टोपीत अंकल, नाक लालभडक. पंपाचं विचारलं नाही, लिफ्टचं नाही. "बाय, बघ, बघ," असं म्हणत मोबाईल खाली धरला. बर्फात गोल, स्वच्छ भोक आणि त्यात काळं पाणी डुचमळत होतं. "लोण्यासारखं गेलं! बॅटरी जाकिटाच्या आत ठेवायची, पोटाशी. थंडीत मरते ती. ग्रेगने सांगितलं. ह्याच्या आधीचं त्याने पाडलं, हे मी." मी विचारलं, थंडी वाजते का, जेवलात का, मासा मिळाला का. उत्तर द्यायला त्यांनी तोंड उघडलं तेवढ्यात मागून ग्रेगची हाक आली, "डॅड! बॅटरी!"

अंकलनी मान वळवली. "कमिंग!" आणि मला म्हणाले, "ठेवतो गं. तो खोळंबलाय." फोन बंद झाला. माझा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी फोन आला नाही. त्या आठवड्यातही आला नाही. संध्याकाळी जेवताना संदीप काळजीने विचारायला लागला, "फोरमनचा फोन?"

"नाही आला," मी त्याला वाढत म्हटलं. "मजेत आहेत."