पट्टी बांधणारा दुसरा हात

छातीचं ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं आणि घरच्यांनी माझा आजार संपला असं धरलं. वर्षभरानं डावा हात सुजू लागला. ब्लाउजची बाही दंडावर चढेना. भिलाईतल्या डॉक्टरांनी हात दाबून पाहिला, काखेतल्या गाठी काढल्या की असं होतं म्हणाले, आणि पुढच्या पेशंटला बोलावलं.

यावर इलाज असतो हे मला रायपूरला तपासणीच्या रांगेत बसलेल्या एका बाईकडून कळलं. तिथे एक फिजिओथेरपिस्ट हेच काम करायची. भिलाईजवळच्या मरोद्याहून मी एकटीच जाऊ लागले. ती अगदी हलक्या हातानं मालिश करायची, मग बोटांपासून दंडापर्यंत पट्ट्या गुंडाळायची. परतताना बसमध्ये हात इतका हलका वाटायचा, पण ते सांगायला शेजारी ओळखीचं कुणी नसायचं.

"घर से किसी को ले आइए," ती एकदा म्हणाली. "मैं सिखा दूँगी. रोज़ करना पड़ेगा."

मी नवऱ्याला विचारलं.

"माह्याच्यानं नाही होत," तो म्हणाला.

"कावून?"

"पट्टी जोरात ओढल्या गेली तर? तुले दुखलं तर?"

आयुष्यभर स्टील प्लांटमध्ये भट्टीजवळ काम केलेला माणूस. वाईट नव्हता. औषधं आणायचा, माझ्यासाठी भात टाकायला शिकला होता. पण ऑपरेशननंतर त्या बाजूला त्याचा हात कधी आला नाही. मी पुन्हा विचारलं नाही.

मग त्या फिजिओथेरपिस्ट मुलीनं मलाच शिकवलं. पट्टीचं टोक अंगठ्यात अडकवायचं, रोल टेबलावर ठेवून हात फिरवत न्यायचा. सुरुवातीला पोळ्या लाटतानाच सगळं सुटून यायचं. पुण्याची लेक फोनवर विचारायची, "आई, हात कसा आहे?" मी "बरा आहे" म्हणायची. हळूहळू जमलं. सूज उतरली, पूर्ण गेली नाही; जाणारही नाही म्हणतात.

एका रविवारी रोल मांडीवरून निसटला आणि उलगडत नवऱ्याच्या खुर्चीपाशी गेला. त्यानं तो उचलला, एकही सुरकुती न पाडता घट्ट गुंडाळला आणि माझ्यासमोर टेबलावर ठेवला. माझ्या हाताकडे पाहिलं नाही.

"चहा मांडू?" त्यानं विचारलं.

"मांड," मी म्हटलं, आणि बोटांपासून पुन्हा सुरुवात केली.