पन्हाळ्याआडची बारा मिनिटं

काल जयसिंगपूरच्या घरी माळा आवरताना पप्पांचं जुनं कॅलेंडर सापडलं. प्रत्येक शुक्रवार-शनिवारपाशी पेन्सिलीनं सूर्यास्ताची वेळ लिहिलेली. ती बघितली आणि मी पुन्हा कोडोलीच्या घरात कोंडले गेले.

आम्ही शनिवार पाळणारे ख्रिस्ती. आमचा शब्बाथ, म्हणजे देवानं नेमलेला विसाव्याचा दिवस, शुक्रवारी सूर्य बुडाला की लागायचा. शनिवारी तो बुडेपर्यंत ना काम, ना खेळ. त्या शनिवारी शाळेच्या मैदानावर खो-खोचा अंतिम सामना होता आणि मी, नववीतली कर्णधार, घरात. गुऱ्हाळाचा गोड धूर आणि मैदानावरचा कल्ला, दोन्ही खिडकीतून आत येत होते.

सूर्य पन्हाळ्याच्या डोंगराआड गेला तशी मी उठले. "पप्पा, बुडाला की!"

दारात उभे असलेले पप्पा भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत म्हणाले, "डोंगराआड गेलाय, बुडाला न्हाय. अजून बारा मिनिटं हायती."

"साऱ्या गावाचा दिवस सकाळी सुरू हुतोय. आपलाच संध्याकाळी का?"

"देवानं जग केलं तवा आधी संध्याकाळ झाली, मग सकाळ. त्यात मी कसा बदल करू?"

त्या बारा मिनिटांत मी त्यांचा जेवढा राग केला तेवढा पुन्हा कुणाचाच केला नाही. मग मला सायकलवर मागं बसवून त्यांनी जीव तोडून पायडल मारलं. मैदानावर फक्कीच्या रेषा तेवढ्या उरल्या होत्या.

इतकी वर्षं मला दार अडवून उभे असलेले पप्पाच आठवायचे. काल त्यांचे हातही आठवले. त्या हातांत माझे कॅनव्हासचे बूट होते, नाड्या सैल करून ठेवलेले.