पानामागे किती

अण्णा नव्या माणसाला आधी गाव विचारत, मग आडनाव. नाव सगळ्यांत शेवटी. पंचवटीत तीर्थोपाध्याय म्हणून त्यांचं आयुष्य गेलं. आसपासच्या कितीतरी घराण्यांच्या वंशावळी त्यांच्याकडच्या लांबट वह्यांत होत्या. कोणी दशक्रियेला आलं की अण्णा वही उघडून आजोबा-पणजोबांची नावं वाचून दाखवत आणि त्याखाली नवं नाव लिहून घेत.

मी त्यांचा शेजारी, कॉलेजात ग्रंथपाल. सर्वांत जुनी वही ओल धरू लागलेली दिसली, तेव्हापासून मी त्यांच्या मागे लागलो. नव्वद सालानंतर कधीतरी मायक्रोफिल्मचा दर आणला. पानाचा बारीक फोटो फिल्मवर राहतो, नीट ठेवली तर पिढ्यान्‌पिढ्या टिकते. पण काम महाग, आणि वह्या महिनाभर मुंबईला पाठवायच्या.

"आणि मधे यजमान आले तर काय सांगू? तुमचे पूर्वज मुंबईला गेलेत, पुढच्या महिन्यात या?"

हसण्यात विषय गेला.

काही वर्षांनी स्कॅनिंग आलं. पानामागचा दर निम्म्याहून कमी, शिवाय माणूस यंत्र घेऊन घरी येणार. अण्णांनी दरपत्रक चष्मा लावून वाचलं. "ही सीडी किती वर्षं चालेल?"

"मधून मधून नवी प्रत करून घ्यावी लागेल."

"म्हणजे खर्च चालूच. तो धर आणि पुन्हा मांड."

मी पुन्हा मांडला. तोवर फिल्मचा दर बदललेला. मग फिल्म वाचायच्या यंत्राची किंमत निघाली. "यजमानांनी काय भिंगाला डोळा लावून पणजोबा शोधायचा?" दर वेळी त्यांची शंका रास्त असे, आणि मला राग यायचा तो त्याचाच.

एकदा चिडून म्हणालो, "अण्णा, हिशेब चुकला तर पैसे जातील. वही गेली तर काय कराल?"

"रागावलास की थेट माझ्या धाकट्या भावासारखा दिसतोस," असं म्हणून त्यांनी आत चहा सांगितला. "दिवाळी होऊ दे, मग बघू."

अशा बऱ्याच दिवाळ्या झाल्या. मग अण्णा गेले. त्यांच्या मुलाने, श्रीधरने, एका दिवसात स्कॅनिंग ठरवलं.

जुन्या वहीची पानं एकमेकांना चिकटून तिची वीट झाली होती. सुरी घालून पाहिली, तर शाई पापुद्र्याबरोबर निघून आली. सायखेडा गावची सगळी घराणी त्या एका वहीत होती.

स्कॅनिंगवाल्याने बिल केलं. "काका, चिकटलेल्या पानांचे पैसे आम्ही लावत नाही. तेवढे वाचले तुमचे."

त्याच आठवड्यात सायखेड्याचा एक शेतकरी नातवाला घेऊन आला.

"थोरले गुरुजी नाय का? बरं. आमच्या आज्याच्या बापाचं नाव तेवढं वाचून दावा. ह्याला आयकवायचं हाय."

श्रीधर कॉम्प्युटरकडे वळला आणि उगाच काहीतरी शोधत राहिला. तिथे ते नाही, हे त्याला ठाऊक होतं. तो माणूस टोपी काढून, नातवाला मांडीवर घेऊन ऐकायला बसला होता.

शेवटी मीच सांगितलं.