नानांची सायकल

कुणी सायकल हातात धरून चाललं की चाकातून येते ना, ती टिकटिक ऐकली की मला धुळ्याच्या कॉलेजातलं माझं पहिलं वर्ष आठवतं. नव्वदच्या आसपासची गोष्ट. मी नवीनच लागलेली. परीक्षेत एका मुलाची कॉपी पकडली, तर "बाहेर भेटा, मॅडम" म्हणून तो निघून गेला. संध्याकाळी आमचे म्हातारे शिपाई, नाना, माझ्याबरोबर निघाले. सायकल घेऊन ते रस्त्याच्या बाजूला, मी कुंपणाच्या बाजूला. उन्हानं तापलेल्या हवेत निंबाच्या मोहराचा वास होता. फाटकाबाहेर तो मुलगा उभाच होता, मुठीला सायकलची चेन गुंडाळून. नाना सरळ त्याच्यापाशी गेले आणि अहिराणीत विचारलं, "काय रे भाऊ, तुना बापना पाय आते कसा शे?" मुलगा गडबडला. "बरा शे, नाना." "मंग जरा मनी सायकल धर. मना गुडघा दुखस." सायकल धरायला दोन्ही हात लागतात. त्यानं चेन खिशात घातली आणि एसटी स्टँडपर्यंत बापाच्या पायाचं सांगत तो सायकल ढकलत आला. पुढे वर्षभर नाना मला सोडायला येत; गुडघा त्यांचा पुन्हा कधी दुखला नाही. आता त्याच कॉलेजात कॅमेरे आहेत, फाटकावर वर्दीतले रखवालदार आहेत, आणि त्यांतल्या कुणाला माझं नावही ठाऊक नाही. काल घरी जाताना मागून ती टिकटिक आली. वळून पाहिलं, तर कुणी अनोळखी माणूस होता. तरी मी कुंपणाच्या बाजूला सरकले आणि स्टँडपर्यंत त्याच्या चालीनं चालत राहिले.