कुणाच्या मळ्यात जेवला

ये पोरी, कागदातून का होईना, पण आत्याजवळ बस. निवडणुकीवरून भांडलीस आणि बापाचा फोन घेणंच सोडलंस, हे काही बरं केलं नाहीस. त्याला स्वतःचा विचार नाही म्हणालीस. नसेल. पण तुझा विचार तरी कुठला गं? पुण्यात ज्यांच्यासोबत डबा खातेस त्यांचाच ना? रागावू नकोस. मीसुद्धा नवरा होता तोवर तो सांगेल ते बटण दाबलं, आता भाऊ सांगतो ते दाबते.

समोरच्या घरातला तुझ्या बापाचा दोस्त आठवतो ना, पोळ्याला तुला खांद्यावर घेऊन बैल दाखवायचा तो? दोघं अमळनेरला तेलाच्या गिरणीत एकाच पाळीत होते. गिरणी बंद पडली तसे दोघं गावी आले. थंडी पडली की कपाशीच्या काड्या पेटवून वांगी भाजायचे. तुझा बाप सोलायचा, तो उखळीत ठेचायचा. दुसऱ्या कुणाला मुसळीला हात लावू द्यायचा नाही.

निवडणूक आली की आपल्याकडे दोन्ही बाजू आपापल्या मळ्यात भरिताची जेवणं घालतात, तुला माहीतच आहे. पक्ष कोणता, असं कुणी विचारत नाही. कुणाच्या मळ्यात जेवला तेवढं बघतात. एका निवडणुकीला हा दोस्त विरोधी बाजूच्या, पलीकडच्या मळ्यात जेवून आला, कारण तिथली वांगी त्याच्या मेव्हण्याच्या शेतातली होती. बस, एवढंच. माझ्या ओट्यावर बसून हसत म्हणाला, "अक्का, मी वांगा खावाले गयथू. पक्ष कोणले माहीत?"

पण पारावर त्याला इकडच्यांनी चहा विचारला नाही. पलीकडच्यांनी सरकून जागा दिली. माणूस जाईल कुठे? जागा मिळाली तिथे बसला, आणि बसून बसून त्यांच्यासारखं बोलायला लागला. थोड्या दिवसांनी तर गळ्याच्या शिरा ताणून त्यांच्या साहेबाची बाजू मांडायचा. तुझा बाप इकडून तसाच. मग बोलणं बंद.

पुढे आपल्या बाजूचे साहेबच पलीकडे गेले. तुझा बापही त्यांच्यामागे पलीकडे गेला. सकाळी खाटेवर बसून जे बोलला, ते शब्दन् शब्द दोस्ताचं बोलणं. मी म्हटलं, "अरे भाऊ, हेच तर तो सांगायचा."

"तेव्हा वेगळं होतं अक्का. तुले नही समजाव."



तोवर दोस्ताला धुळ्याच्या दवाखान्यातून घरी पाठवून दिलं होतं. पोटात पाणी भरलेलं, आशा सोडलेली. मी पेज घेऊन जायची. दाराकडे बघत तो एकच विचारायचा, "अक्का, तो यी का?"

मी घरी येऊन सांगितलं, तो तुझी वाट बघतोय. तुझा बाप म्हणाला, "तो आपल्यातला नाही."

"अरे, आता तर तुम्ही दोघं एकाच पक्षात."

मग म्हणाला, "पक्षाचं मला सांगू नको. त्या दिवशी तो तिकडे जेवला."

मधे गल्ली तेवढी. बैलगाडी जेमतेम जाते. ती त्याला ओलांडता आली नाही. ओलांडली ती खांदा द्यायला, आणि तेव्हाही लोकांनी आधी एकमेकांकडे पाहिलं, हा कसा आला म्हणून.

आता तुझा बाप टीव्ही लावत नाही. पारावर जात नाही. परवा काड्या पेटवल्या, वांगी भाजली, सोलून ताटात ठेवली आणि उखळीकडे बघत बसला. मी मुसळी घेतली तर म्हणाला, "राहू दे." सगळी म्हशीला घातली. अर्धी भाकरीही खात नाही गं. फोन हातात घेतो, तुझं नाव काढतो, खाली ठेवतो.

वाद घालू नको असं मी म्हणणार नाही. घाल. पण समोर बसून घाल, एका ताटात जेवता जेवता. वांगी अजून महिनाभर मिळतील. त्याचं मात्र मला सांगता येत नाही. अमळनेरला उतर, तिथून एसटी आहे. लवकर ये बाई.