सड्यावरून कविताशी बोलताना

कोल्हापूरहून देवरूखची एसटी सकाळी सुटली, तेव्हा मी ठरवूनच फोन पिशवीच्या तळाशी टाकला. मी कर्णबधिरांची दुभाषी आहे. दवाखान्यात, कचेरीत, बँकेत त्यांचं खुणांचं बोलणं इतरांना सांगते आणि इतरांचं त्यांना. वर्षभर हातांना उसंत नव्हती. देवरूखच्या वरच्या अंगाला एका गावी दोन दिवस राहायचं आणि मग गुहागरला समुद्रकाठी नुसतं बसायचं, एवढाच बेत होता. माझ्याकडे नेहमी येणारी कविता गरोदर होती, पण तिच्या तारखेला अजून तीन आठवडे होते. पोटातल्या बाळाशी ती पोटावर बोटं फिरवून बोलायची. निघताना तिनेच मला 'जा, मासे खा' असं सांगितलं होतं.

आंबा घाट उतरला की हवा बदलते. अंगाला ओलसर ऊब लागते आणि माणसांच्या बोलण्याला हेल येतो. देवरूखला एका खाणावळीत जेवले. तांदळाची भाकरी आणि कुळथाची पिठी (कुळथाच्या पिठाचं पातळसर कालवण). वाढणाऱ्या बाई माझ्या ताटाकडे बघून म्हणाल्या, "पिठी घ्या हो अजून. भाकरी सुकी कशाला खाताय?" आणि मी उत्तर द्यायच्या आत वाटी भरली.

दुपारची गाडी वळणं घेत सड्यावर (डोंगरमाथ्यावरचं जांभ्या दगडाचं पठार) चढली. पिवळं पडलेलं गवत, काळपट दगड आणि वर मोकळं आकाश. मी खिडकीला डोकं टेकलं, तेवढ्यात पिशवीत फोन थरथरला. एकामागून एक पाच निरोप येऊन पडले. सगळे कविताच्या नवऱ्याचे, सागरचे. तोही कर्णबधिर.

"कविता दवाखान्यात. डॉक्टर ऑपरेशन म्हणतात. ती नाही म्हणते. फार रडते. तू व्हिडिओवर ये. लवकर."

मी फोन लावेपर्यंत रेंज गेली. पहिला निरोप वीस मिनिटांपूर्वीचा होता.

"गाडी थांबवा!" मी ओरडले.

"हय उतरून काय करणार तुमी?" कंडक्टरने विचारलं. "मागनं गाडी नाय आता."

शेजारी चाळिशीच्या एक बाई बसल्या होत्या. वरच्या गावातल्या शाळेत त्या शिकवतात, नाव विशाखा, एवढं बोलणं वाटेत झालं होतं. मी त्यांना निरोप दाखवला. त्यांनी वाचला आणि उठल्याच. "माझ्या फोनला येते इथे रेंज. गडग्यापाशी उभं राहावं लागतं. चला."

गाडी गेली आणि आम्ही दोघी सड्यावर उरलो.

गडगा म्हणजे जांभ्या दगडांची नुसती रचलेली बुटकी भिंत. पण विशाखाताईंच्या फोनचा पुढचा कॅमेरा फुटलेला निघाला, आणि खुणांच्या बोलण्यात माझे हात दिसले नाहीत तर सगळं संपलं. माझ्याकडे टॅब होता. त्याला सिमकार्ड नव्हतं.

"तुमच्या फोनवरून माझ्या टॅबला नेट देता येईल. हॉटस्पॉट चालू करा," मी म्हटलं.

"तो कुठे असतो? मी कधी केला नाही हो."

दोघींनी मिळून शोधला. पासवर्ड लांबलचक होता, कुठलं अक्षर मोठं आणि कुठलं लहान ते उन्हात दिसेना. दोनदा चुकला. शेवटी त्यांनी तो बदलून आपल्या शाळेचं नाव टाकलं आणि टॅब जोडला गेला. मी तो गडग्याला टेकवला. ताई दगडावर चढून फोन डोक्यावर धरून उभ्या राहिल्या.

पडद्यावर कविता दिसली. सुजलेले डोळे, दोन्ही हात पोटावर. मला पाहताच तिने खूण केली, "बाळ गेलं. पोट कापून काढतील. नको."

मी पडद्यापलीकडच्या डॉक्टरबाईंना विचारलं. त्या चमकल्याच. "गेलं? कोण म्हणालं? ठोके कमी होतायत एवढंच मी हाताने दाखवलं. बाळ आहे! पण आत्ता बाहेर काढायला हवं. पाच-दहा मिनिटांत मला हो किंवा नाही कळू दे."

डॉक्टरबाईंनी हात खाली खाली नेऊन दाखवला होता. कविताने त्याचा अर्थ 'संपलं' असा घेतला होता. मी छातीशी मूठ धरली आणि उघडमीट करू लागले. बाळाचं हृदय चालू आहे, चालू आहे...

आणि चित्र गोठलं.

"ह्यांचा फोन आला!" ताई वरून म्हणाल्या. त्यांचे यजमान लोटे गावच्या कारखान्यात आहेत. पाळी सुटली की रोज फोन करतात. फोन वाजला की नेट तुटत होतं, म्हणून ताईंनी तो कापला. पुन्हा वाजला. तेव्हा मात्र त्यांनी उचलला आणि एका दमात सांगितलं, "ठेवा! इथे बाळ जन्माला येतंय!"

पुन्हा जोडणी व्हायला चारेक मिनिटं गेली असतील. व्हिडिओ लागला तेव्हा खाट रिकामी होती. सागर एकटाच उभा होता. "हो म्हणाली," त्याने खूण केली. "आत नेलं."

आम्ही गडग्याला टेकून बसलो. ताईंचा हात भरून आला होता, मी तो चोळून दिला. तासाभराने सागरचा निरोप आला. "मुलगी. दोघी बऱ्या." ताईंनी डोळे पुसले आणि यजमानांना फोन लावला. "काय झालं? कोणाला झालं?" हा त्यांचा आवाज मलाही ऐकू आला.

तीन मैल चालून आम्ही त्यांच्या घरी गेलो. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली झेंडूची ताजी फुलं. त्यांनी वालाचं बिरडं आणि सुकटीची चटणी वाढली. "गुहागर कुठे पळून जात नाही," त्या म्हणाल्या. "सकाळची गाडी धरा आणि बाळाला बघून या."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कोल्हापुरात होते. कविता मुलीला कुशीत घेऊन पडली होती. मी विचारलं, "माझं बोलणं अर्ध्यातच तुटलं. मग तू हो कशी म्हणालीस?"

"तुटलं कुठे?" तिने खुणेने सांगितलं. "तू पडद्यावर होतीस. मूठ छातीला लावून. मी बघत राहिले. तू हललीच नाहीस. मला वाटलं, हिला एवढी खात्री आहे."

त्या चार मिनिटांत मी सड्यावर उभी राहून हातातून सगळं निसटलं म्हणून तडफडत होते. कविताने मुलीचा इवलासा हात मोकळा केला आणि माझ्या बोटावर ठेवला.