कडुनिंब ते स्वेटर

शमूकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी सोनईला, आमच्या बँकेत होतो. समोर एक आजोबा हयातीच्या दाखल्यासाठी बसले होते आणि "मी जित्ता हाय एवढंच लिवायचंय ना, मग येवढा येळ का?" असं मला विचारत होते. पलीकडून शैला, माझी बायको, म्हणाली, "काका गेला. झोपेतच." आणि खरं सांगतो, अशा वेळी माणसाला शोभेल असा एकही विचार माझ्या मनात आला नाही. पहिला विचार आला तो असा, की नाताळ तोंडावर आलाय... आता गोलमध्ये कोण उभं राहणार? दिवसभर माझी मलाच लाज वाटत राहिली. संध्याकाळी दफनविधीला पाळकसाहेबांची प्रार्थना चालू असताना शेजारी उभा असलेला माझा चुलतभाऊ डोळे मिटूनच माझ्याकडे झुकला आणि पुटपुटला, "गोलमधी कोन रे आता?" मला फार बरं वाटलं. म्हणजे निर्लज्ज मी एकटाच नव्हतो.

बाहेरच्या माणसाला हे जरा समजावून सांगावं लागेल. नगरचा आणि फुटबॉलचा संबंध आहे म्हटलं, की पुण्याचे पाहुणे 'इथं? ज्वारीच्या मुलखात?' असा चेहरा करतात. पण इथं मिशनच्या शाळा होत्या, भिंगारला पलटणी होत्या आणि दोन्हींच्या वाटेवर आमचं ख्रिस्ती वस्तीचं कंपाऊंड होतं. चेंडू आमच्याकडे घरंगळत आला नसता तरच नवल. या कंपाऊंडात नाताळच्या दुसऱ्या दिवशी एक सामना होतो, माझ्या वडिलांच्या तरुणपणापासून होत आलाय. लग्न झालेले विरुद्ध बिनलग्नाचे. त्याला बक्षीस नाही, शिक्षा आहे. नाताळच्या जेवणाची ती मोठाली पातेली, ज्यांच्या बुडाला मटणाचा रस्सा रात्रभर थिजून बसलेला असतो, ती हरलेल्या बाजूनं घासायची. नळावर उकिडवं बसून, राखेनं, नारळाच्या शेंडीनं, सगळ्यांच्या देखत. आता लग्न झालेल्यांच्या बायका कोणत्या बाजूनं ओरडत असतील ते सांगायला नको. माझी आई एरवी देवळातसुद्धा, आम्ही चर्चला देऊळच म्हणतो, ओठातल्या ओठात गायची, पण त्या दिवशी ओट्यावर उभी राहून तिचा आवाज पार रस्त्यापर्यंत जायचा, "शमूभावजी, एकबी आत येऊ देऊ नका!" आणि पलीकडून फॉरवर्डला पळत असायचे माझे वडील.

शमूकाका म्हणजे वडिलांचा सगळ्यात धाकटा भाऊ. आमची माणसं मूळची कर्जतकडची. वडील शिक्षक झाले आणि त्यांची भाषा पुस्तकी झाली. काका एमआयडीसीत फिटर झाला आणि त्याची जीभ कर्जतलाच राहिली. त्यानं लग्न केलं नाही. का केलं नाही हे विचारायची एक वेळ असते, ती येऊन गेली, तरी बायका विचारतच राहिल्या. तो म्हणायचा, "पलीकडच्या टीमला आधीच लई मानसं हायेत." त्यामुळे विशीत असताना तो ज्या बाजूनं गोलमध्ये उभा राहिला, सत्तरीतही त्याच बाजूनं उभा होता. त्याच्या पुढे खेळणारी पोरं दर दोन-चार वर्षांनी नवरदेव होऊन पलीकडे जायची, तो तिथंच. आम्ही सगळे त्याला अरेतुरे करायचो. अहोजाहो केलं की तो मागं वळून बघायचा, कोण आलंय म्हणून.

काकाच्या गोलचा एक खांब म्हणजे कडुनिंबाचं खोड. दुसरा खांब म्हणजे काकाचा स्वेटर. मरून रंगाचा, गळ्याशी उसवलेला. सामना सुरू होण्याआधी तो अंगातून काढायचा, नीट घडी करायचा आणि जमिनीतून वर आलेल्या एका दगडाच्या कोपऱ्यावर ठेवायचा. खोड ते दगड, हे मूळ माप. ते वडिलांच्या पिढीनं ठरवलेलं. स्वेटर कुणी विणला असं कुणी विचारलं, की तो म्हणायचा, "हिवाळ्यानं." त्यापुढे विचारायची कुणाची हिंमत झाली नाही... आणि आता विचारायला माणूसच नाही.

मी बिनलग्नाचा होतो तेव्हा मला बॅकला ठेवायचे, कारण मी पळालो काय आणि न पळालो काय, तिथं फारसा फरक पडत नसे. माझ्या फुटबॉलमधल्या कारकिर्दीचं एवढंच वर्णन पुरे आहे. पण काकाच्या इतक्या जवळ उभं राहिल्यामुळे मला एक गोष्ट दिसली, जी इतर कुणाला दिसत नव्हती. चेंडू पलीकडच्या टोकाला गेला, सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या, की काका आभाळाकडे बघत, शिट्टी वाजवत, डाव्या पायानं स्वेटर हळूच आत सरकवायचा. थोडासाच. मग चेंडू पुन्हा तिकडे गेला की पुन्हा थोडासा. मध्यंतरापर्यंत दगड बाहेर एकटा उघडा पडलेला असायचा आणि गोल एवढा उरायचा, की त्यातून बकरी गेली असती तर अंग चोरून गेली असती. मी डोळे विस्फारून बघितलं तेव्हा काका म्हणाला, "काय बघतोस? थंडी हाय. आकसला आसंल त्यो." आणि डोळा मारला. त्या दिवशी मला जो मान मिळाल्यासारखा वाटला, तो पुढे बँकेत प्रमोशन मिळालं तेव्हाही वाटला नाही.

मग माझं लग्न ठरलं. देवळाच्या पायऱ्यांवर फोटो काढताना काका शैलाच्या आणि माझ्या मागं उभा होता. फोटोवाला 'हसा' म्हणाला आणि तेवढ्यात काका माझ्या कानात म्हणाला, "आता तू पलीकडचा. माझ्यावर गोल मारशील त्या दिवशी ह्यो स्वेटर तुझा." त्या फोटोत मी हसत नाहीये. मी हिशोब करतोय असा दिसतोय. कारण माझी पंचाईत लक्षात घ्या. स्वेटर सरकतो हे कंपाऊंडातल्या विवाहितांपैकी फक्त मला ठाऊक होतं, आणि ते मला ठाऊक होतं ते काकाच्या बाजूचा म्हणून. पक्ष बदलला म्हणून जुन्या पक्षाची गुपितं फोडणारी माणसं आपण रोज पेपरात वाचतो, पण तो स्वेटर मला हवा होता तो असा नको होता. मी गप्प बसलो आणि गोल मारायचा चंग बांधला.

पुढची पंचवीसेक वर्षं मी तेच करतोय. बॅकचा मी फॉरवर्डला आलो, ढेरी आली तरी हटलो नाही. माझा एक फटका पाळकसाहेबांच्या वाळत घातलेल्या झग्यात अडकला. एक कडुनिंबात गेला आणि तिथंच राहिला, तो उन्हाळ्यात खाली आला. एकदा तर मी इतक्या जिवाच्या करारानं लाथ मारली, की चेंडू जागेवर राहिला आणि माझा बूट गोलकडे गेला. काकानं झेप घेऊन बूट पकडला, छातीशी धरला आणि मला आणून दिला. "बूट चांगला मारला व्हता," म्हणाला. ओट्यावरून शैला हसत हसत खाली बसली. मी मात्र नळावर जाऊन पातेलं घासलं. आमची बाजू कधी जिंकायचीच नाही असं नाही, पण ते इतरांच्या गोलांनी. चेंडू आत गेला की काका तो उचलताना माझ्याकडे बघायचा. म्हणजे, तू न्हाईस अजून.

सामने बघण्यातही तो असाच एकमार्गी. आमच्याकडे टीव्ही आला तेव्हा विश्वचषकाच्या दिवसांत कंपाऊंडातली निम्मी माणसं आमच्या खोलीत असायची. सगळे चेंडूकडे बघायचे. काका वैतागायचा. "आरं त्या किपरला दाखवा की! त्यो काय करतोय आता?" चेंडू एका टोकाला असला की दुसऱ्या टोकाला तो एकटा माणूस उभा आहे, त्याच्याकडे कॅमेरा जात नाही, हे त्याला सहनच व्हायचं नाही. कुणाचा गोल झाला की आम्ही नाचायचो आणि काका ज्याच्यावर गोल झाला त्याच्यासाठी हळहळायचा, मग तो कुठल्याही देशाचा असो. भिंगारला लष्कराच्या मैदानावर सामने असले, की तो मला सायकलवर डबल सीट घेऊन जायचा आणि आम्ही गोलच्या पाठीमागं उभं राहायचो. तिथून खेळ काहीच दिसत नाही. दिसते ती गोलकीपरची पाठ. त्या पाठीशी काका हिंदीत बोलायचा, म्हणजे ज्याला तो हिंदी समजायचा त्या भाषेत. "भाऊ, घाबरनेका नही. हम है इधर पीछे." एकदा एक लांबचा, ईशान्येकडचा जवान कीपर होता. पहिल्याच मिनिटाला त्याच्यावर गोल झाला. मध्यंतरात काकानं जाळीतून हात घालून त्याला एक पेरू दिला. त्यानं मागंपुढं बघितलं, पेरू खाल्ला आणि पुढं सगळा सामना मागं वळून वळून आम्ही आहोत ना ते बघत राहिला. परतताना काका पॅडल मारत म्हणाला, "गोल खाल्ल्याचं काय न्हाई रे. एकटं वाटाया नको मानसाला." मी मागं कॅरिअरवर होतो. त्याची पाठ तेवढी दिसत होती.

गेल्या पावसाळ्यापासून त्याचं हृदय कुरकुर करायला लागलं. डॉक्टरांनी धावपळ बंद केली. "मी कवा धावलो?" हे त्याचं म्हणणं, आणि ते खरंही होतं. शेवटचा भेटलो तो एका रविवारी, शैलाबरोबर देवळातून येता येता. त्याच्या खोलीत टीव्हीवर कुठला तरी परदेशी सामना चालू होता, आवाज बंद. काका उशीला टेकून बसला होता, अंगात स्वेटर. म्हटलं, आता विचारूनच टाकावं.

"काका, तू स्वेटर सरकवायचास."

"व्हय."

"दर वर्षी."

"दर वर्षी. मग, कधी बोलला न्हाईस ते?"

"तुझ्या बाजूनं खेळलो होतो ना आधी."

त्यानं टीव्हीवरची नजर काढून माझ्याकडे बघितलं.  मला वाटलं, आता काहीतरी म्हणणार, गळ्यात पडणार... डोळे भरून यायच्या बेतात होते माझे. काका म्हणाला, "पर तुला म्हनून सांगतो बाब्या. तू आजवर मारल्याला एकबी बॉल त्या दगडाच्या आत नव्हता. सरकवायची गरजच न्हाई पडली तुझ्यासाठी. तुझ्या येळंला मी नुस्ता सवय म्हनून सरकवायचो." आणि इतका हसला, इतका हसला, की शैला पाण्याचा तांब्या घेऊन धावत आली. मीही हसलो. करतो काय?

यंदा सामना घ्यायचा की नाही यावर कंपाऊंडात बैठक झाली. पुरुष गंभीर चेहरे करून 'यंदा नको' म्हणत होते. शैला म्हणाली, "चालेल. मग पातेली काय, न खेळताच घासणार का तुम्ही?" सामना ठरला. बिनलग्नाच्यांच्या गोलमध्ये उभं राहायला एकही मुलगा पुढं होईना. शेवटी आमची रिबेका उठली. माझी मुलगी, पुण्याला नोकरी करते, बिनलग्नाची आहे आणि काकाची लाडकी. तिनं काकाच्या खोलीतून स्वेटर आणला, नीट घडी केली आणि दगडावर ठेवला.  मग ओट्यावरून शैलाच ओरडली, "रिबे, एकबी आत येऊ देऊ नको!" तोच सूर, आईचा. आणि खेळ सुरू झाला.

एकेक गोलची बरोबरी होती. संपत आला होता. उजवीकडून चेंडू आला आणि मी, ज्याला धावताना स्वतःचीच ढेरी आडवी येते असा मी, तो कसा कोण जाणे पण नीट पायावर घेतला. मारला. रिबेका झेपावली ती खोडाच्या बाजूला. चेंडू दुसऱ्या बाजूनं, स्वेटरच्या बाहेरून, जमिनीलगत सरळ निघून गेला. "आऊट!" ओट्यावरून एकच गलका. चुलतभाऊ डोक्याला हात लावून खाली बसला. मी मात्र जमिनीकडे बघत उभा. चेंडू गेला होता स्वेटरच्या बाहेरून... आणि दगडाच्या आतून. दगड पार उघडा पडला होता. स्वेटर केव्हाच आत आलेला. मी रिबेकाकडे बघितलं. ती आभाळाकडे बघत शिट्टी वाजवत होती.

पुढच्याच झटक्यात त्यांनी गोल केला आणि आम्ही हरलो. नळावर सगळ्यात मोठं पातेलं माझ्या वाट्याला आलं. कोपरापर्यंत हात राखेनं भरलेले असताना रिबेका शेजारी येऊन बसली, उगाच, पाणी ओतायला.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "आत होता ना तो?"

"कोण?"

"तुमचा बॉल. दगडाच्या आत होता. तुम्ही बघितलंत. बोलला का नाहीत?"

मी शेंडीनं पातेल्याचं बूड घासत राहिलो. "बाहेरच होता गं," म्हटलं. "पोस्ट म्हणजे स्वेटर. ओत पाणी."

तिनं ओतलं. बराच वेळ ओतत राहिली.

आता तो स्वेटर आमच्या घरी दाराआडच्या खिळ्याला आहे. शैलानं धुवायला काढला होता, मी धुवू दिला नाही. त्याच्या एका बाहीवर मातीचा एक पट्टा आहे. त्यात काकाच्या पायाची माती किती आणि रिबेकाच्या पायाची किती, ते आता वेगळं करता यायचं नाही. सकाळी बँकेत जाताना थंडी असते, हात आपोआप त्याच्याकडे जातो... आणि परत येतो. तो माझा नाही. मी अजून गोल मारलेला नाही.